हाजींचा कसा आणि परतीचे तिकीट

लोणावळ्याच्या आमच्या घरात एका जुन्या ट्रंकेत जाड मांजरपाटाचा कसा आहे. १९७० च्या दशकात दादा बोटीने हजला गेले, तेव्हा दादीने तो स्वतःच्या हाताने शिवला होता. त्याला तीन कप्पे आहेत. एक रोजच्या खर्चाचा, दुसरा कुर्बानीचा. तिसऱ्या कप्प्याचे तोंड दादीने दोऱ्याने शिवून टाकले आणि दादांना बजावले, ‘परतीच्या बोटीत पाय ठेवल्याशिवाय हा उसवायचा नाही.’ दादी शाळेत गेली नव्हती; पण हजयात्रेच्या इतिहासातला सर्वांत मोठा धडा तिला ठाऊक होता.

हज फर्ज आहे तो ज्याची इस्तिताअत, म्हणजे ऐपत आहे त्याच्यावर. फिकहच्या किताबांत या ऐपतीचा अर्थ नुसते जाण्याचे भाडे असा नाही. कर्ज फिटलेले असावे, परत येईपर्यंत घरच्यांच्या पोटापाण्याची सोय असावी आणि परतीचा खर्चही जवळ असावा. इहराममध्ये शिवलेले कपडे चालत नाहीत; तरी पैशांचा कसा कमरेला बांधायला फकीहांनी मुभा दिली. पैसा सांभाळणे ही दुनियादारीची भानगड नसून हजच्या तयारीचाच भाग आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या मावळाचा या यात्रेशी जुना संबंध आहे. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. तोवर घाट पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून उतरावा लागे. पुढे पुणे, सोलापूर आणि दक्षिणेतले हाजी याच घाटातून मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागले. रेल्वे आणि आगबोट आल्याने मुंबई-जेद्दाह प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. परंतु त्यातूनच एक नवी आपत्ती उभी राहिली. जाण्यापुरते पैसे जमवून लोक निघत आणि तिकडे निष्कांचन होऊन अडकून पडत. जेद्दाहच्या किनाऱ्यावर परतीच्या बोटीची वाट पाहत उपाशी बसलेले हिंदी हाजी हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी कागदपत्रांचा नेहमीचा विषय होता.

सरकारने १८८६ मध्ये हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या कंपनीकडे सोपवली. ती काही वर्षांतच बंद पडली. अखेर १९२५ च्या कायदादुरुस्तीने हाजीने परतीचे तिकीट घ्यावे किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असे बंधन आले. त्या काळी यावर वाद झाले. गरिबाला हजपासून रोखले जाईल, अशी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. तरीही मला वाटते, परतीचे तिकीट हाच आपल्या हाजीचा पहिला विमा होता.

चलनाची कथाही अशीच आहे. हिजाजमध्ये व्यवहार चांदीच्या नाण्यांत चाले. ते ओझे कमरेला बांधून फिरणे म्हणजे चोराला आमंत्रण. १९५३ मध्ये सौदी सरकारच्या नाणे संस्थेने हाजींसाठी दहा रियालच्या कागदी पावत्या काढल्या. त्या लोकांना इतक्या सोयीच्या वाटल्या की बाजारात नोटांसारख्याच चालू लागल्या. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ च्या सुमारास दहा आणि शंभर रुपयांच्या खास हज नोटा छापल्या. त्यांचा रंग वेगळा होता आणि क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे होती. या नोटा भारतात चालत नसत. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परदेशात जाणाऱ्या रुपयावर नियंत्रण हवे होते, आणि हाजीची अडचणही होऊ द्यायची नव्हती.

बोटीचा हज १९९५ मध्ये संपला. त्यानंतर अनेक वर्षे हज कमिटी निघताना हाजीच्या हाती २१०० रियाल ठेवत असे. २०२३ मध्ये ही पद्धत थांबली. हाजीने गरजेप्रमाणे परकीय चलन घ्यावे यासाठी स्टेट बँकेची सोय झाली आणि विमा सक्तीचा झाला. उमराच्या व्हिसातही आता विमा धरलेला असतो. पण तो आणीबाणीच्या उपचारांसारख्या ठरावीक गोष्टींपुरताच.

विम्याचे नाव काढले की आपल्याकडे हलाल-हरामचा प्रश्न निघतो. तो टाळू नये. इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये जेद्दाहच्या अधिवेशनात व्यापारी विमा नाजायज ठरवला. मात्र परस्पर मदतीवर उभा असलेला सहकारी विमा जायज मानला. म्हणजे आक्षेप सौद्याच्या रीतीवर आहे. संकटात एकमेकांचा भार उचलण्यावर नाही. कायद्याने सक्तीच्या विम्याबाबत ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण न वाचता सही करणे, याला कोणता मसला आधार देतो?

मी हे तळमळीने लिहिते, याला कारण आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांच्या आया उमराचे कागद घेऊन येतात. कागद इंग्रजीत असतात. ‘बाजी, यात काय लिहिलंय?’ असे विचारतात, तोवर पैसे एजंटाकडे गेलेले असतात. माझ्या एका फुफीचा मधुमेह अर्जात लिहिलाच नव्हता. मदीनेत ती आजारी पडली तेव्हा विमा नाकारला गेला आणि मुलाने उसने घेऊन बिल भरले. आजार अर्जात खरा लिहावा, सगळी रक्कम एकाच पिशवीत ठेवू नये, विम्याच्या कागदाची एक प्रत घरी असावी आणि त्यावरचा मदतीचा नंबर बाईमाणसालाही पाठ असावा. एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे.

दादा परत आले तेव्हा तिसऱ्या कप्प्याची शिलाई तशीच होती. घरी आल्यावर दादीनेच ती उसवली. त्या पैशांतून बाकी राहिलेली घराची कौले बसली.