टीव्ही पॅट्रोल
फिलिपीन्समधील एबीएस-सीबीएन या वाहिनीचे फिलिपिनो भाषेतील सायंकालीन बातमीपत्र. प्रारंभ २ मार्च १९८७. मार्शल लॉच्या काळात १९७२ मध्ये बंद पडलेली ही वाहिनी १९८६ च्या जनक्रांतीनंतर पुन्हा सुरू झाली. त्यानंतर ‘बलिता न्गायोन’च्या जागी हे बातमीपत्र आले.

नोली दे कास्त्रो, मेल तियांगको, फ्रँकी इव्हांजेलिस्ता आणि अँजेलिक लाझो हे सुरुवातीचे वृत्तनिवेदक. इंग्रजी बातम्यांचा संयत, दरबारी सूर सोडून या मंडळींनी गुन्हे, अपघात आणि गल्लीबोळांतील तक्रारी रोजच्या बोलीत सांगितल्या. त्यामुळे प्रेक्षक वाढले, तसा भडकपणाचा आरोपही झाला. तो अगदीच निराधार नव्हता. पुढे तियांगको प्रतिस्पर्धी जीएमएकडे गेल्या आणि २००४ पासून तिथल्या ‘२४ ओरास’चा चेहरा बनल्या. दे कास्त्रो यांची वाट तर थेट सत्तेकडे वळली: २००१ मध्ये सिनेटर, २००४ ते २०१० उपराष्ट्राध्यक्ष, आणि मुदत संपताच त्याच वर्षी पुन्हा निवेदकाच्या खुर्चीत! पत्रकारिता आणि राजकारण यांच्यातील इतकी सहज ये-जा निकोप म्हणता येणार नाही.

वाहिनीचा प्रसारण परवाना मे २०२० मध्ये संपला. ५ मेच्या संध्याकाळी हे बातमीपत्र आटोपल्यावर तिचे प्रक्षेपण थांबले. जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. प्रादेशिक आवृत्त्या ऑगस्टमध्ये बंद पडल्या. मुख्य बातमीपत्र मात्र केबल आणि इंटरनेटवरून चालू राहिले, नंतर इतर वाहिन्यांवरूनही दिसू लागले.