अंगणातले बुटके गवत : दूर्वा, लॉन आणि आपली चिऱ्याची माती

चवथ आठ दिवसांवर आली की मंडळातील सभासदांचे एकमेकांना फोन सुरू होतात, "तुमच्याकडे दूर्वा आहेत का?" पेडणे, डिचोलीच्या गावघरांत हा प्रश्न कधी पडत नसे. शेताच्या बांधावर, खळ्याच्या कडेला, विहिरीजवळ दूर्वा असायच्याच. मुरगावात मात्र बऱ्याच अंगणांत आता पेव्हर बसले आहेत. रस्त्याकडेला मिळणाऱ्या दूर्वा गटाराच्या पाण्यावर वाढल्या की त्यांच्यावर तणनाशक मारलेले आहे, हे नुसते पाहून कळत नाही. माटोळीचे सामान बाजारातून आणावे लागते हे आम्ही मान्य केले आहे, पण दूर्वा तरी घरच्या असाव्यात असे आम्हांला वाटते. त्यासाठी फार जागा लागत नाही. अंगणात बुटके गवत कसे राखावे याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र देत आहोत.

आपली जमीन

वास्कोतील 'सडा' या भागाचे नावच आपल्या जमिनीची ओळख सांगते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे, म्हणजे चिऱ्याच्या खडकाचे, सपाट पठार. या खडकावर मातीचा थर पातळ असतो. माती आम्लधर्मी असते, पावसात तिच्यातील अन्नद्रव्ये लवकर धुऊन जातात आणि उन्हाळ्यात ती टणक होते. त्यात मुरगावला समुद्राचा खारा वारा आहेच. बाहेरच्या पुस्तकांत दाखवलेले गवत इथे रुजत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

गवतासाठी किमान १५ ते २० सेंमी मोकळी माती हवी. खाली कातळ असेल तर चिऱ्यांची कड बांधून वर माती भरावी. तीन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट पुरते. चुना अंदाजाने घालू नये. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात माती तपासणीची चौकशी करून मगच ठरवावे.

कोणते गवत कुठे

दूर्वा (हरळी) : शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. भरपूर ऊन हवे. सावलीत ती विरळ होत जाते. जमिनीवरच्या धावत्या फांद्या आणि जमिनीखालच्या खोडांनी पसरते. तुडवणे, खारा वारा आणि पाण्याची ओढ ती सहन करते. एप्रिलमध्ये तपकिरी पडली तरी मेलेली नसते, पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते.

मनिला आणि कोरियन ग्रास : दोन्ही झॉयसिया या गटातली. पाते बारीक, वाढ हळू, त्यामुळे कापणी कमी. कोरियन ग्रास न कापता ठेवल्यास त्याचे मऊ उंचवटे तयार होतात, दगडांमध्ये ते शोभून दिसते. मनिला ग्रास मुळात समुद्रकाठचे असल्याने खारे वारे सोसते. दोघांनाही ऊन लागते आणि पाणी साचलेले चालत नाही.

कार्पेट ग्रास : रुंद पात्याचे, मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले, आता आपल्याकडे चांगलेच रुळलेले. आम्लधर्मी माती आणि अर्धी सावली त्याला मानवते. माडाखाली किंवा आंब्याच्या सावलीला हेच लावावे. पाण्याची ओढ मात्र त्याला सोसत नाही.

मोंडो ग्रास : नावात ग्रास असले तरी हे खरे गवत नव्हे, शतावरीच्या कुळातले आहे. गर्द हिरव्या बारीक पात्यांचे बुटके झुबके होतात. सावलीतल्या पायवाटेच्या कडेला, तुळशीवृंदावनाच्या सावलीच्या बाजूला छान दिसते. त्यावरून चालता येत नाही.

दूर्वांचा वाफा वेगळा ठेवावा

लॉन आणि पूजेच्या दूर्वा एकाच जागी नकोत, असे आमचे मत आहे. लॉनवर मुले खेळतात, कुत्री-मांजरे येतात, चपलांनी चालणे होते. पूजेसाठी एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद एवढा वाफा एका घराला पुरेसा आहे. तो शोषखड्ड्यापासून आणि गाडी उभी करण्याच्या जागेपासून दूर असावा. दूर्वा कडेने शेजारच्या फुलझाडांत शिरतात, म्हणून वाफ्याभोवती चिरे उभे करून २० सेंमी खोल पुरावेत.

देवाला वाहायला कोवळे, फूल न आलेले, तीन किंवा पाच पात्यांचे शेंडे घेतात. असे शेंडे हवे तेव्हा मिळावेत यासाठी चवथीच्या साधारण तीन आठवडे आधी वाफा एकदा बुडापासून तीन सेंमीवर कापावा. नंतर फुटणारी पालवी नेमकी वेळेवर तयार होते. त्याच महिन्यात येणाऱ्या दूर्वाष्टमीलाही ती उपयोगी पडते. रोपासाठी आणलेले गवत दूर्वाच आहे ना, हे तुऱ्यावरून ओळखावे. देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून बोटांसारखी तीन ते सहा बारीक कणसे फुटतात, आणि जमिनीवरच्या फांदीला पेरापेराला मुळे असतात. एका जागी नुसता झुपका करून वाढणारे, तसाच तुरा असलेले गवत दुसरे असते.

लावणी

सपाट जागेत जूनच्या मध्यापासून लावणी करता येते. उताराची जागा असेल तर मुसळधार पाऊस माती वाहून नेतो, तिथे ऑगस्टअखेर थांबावे. त्या वर्षीची चवथ चुकली तरी चालेल, पुढच्या वर्षी वाफा भरलेला असेल.

आधी नागरमोथा काढून टाकावा. वरून उपटून तो जात नाही, मातीतल्या गाठी शोधून काढाव्या लागतात. या कामात घाई केली तर पुढे वर्षानुवर्षे तण काढत बसावे लागते. मग मुळांसकट आणलेल्या फांद्यांचे पाच-सात सेंमीचे तुकडे करून ८ ते १० सेंमी अंतरावर टोचावेत. दुसरी सोपी रीत म्हणजे चिरलेल्या फांद्या, ताजे शेण आणि माती पाण्यात कालवून त्याचा दोन-अडीच सेंमी जाड थर ओल्या जमिनीवर पसरणे. वर पेंढ्याचे पातळ आच्छादन घालावे. अंकुर दिसू लागले की ते काढावे. जमिनीला घरापासून दूर जाणारा हलका उतार ठेवावा.

पाण्याचा हिशेब

मोठ्या लॉनच्या हौसेला आळा घालणारी गोष्ट म्हणजे पाणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवे लॉन दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे १०० चौरस मीटर लॉनला रोज ५०० लिटर. नळाच्या पाण्यावर हे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. तीन मीटर बाय तीन मीटरच्या तुकड्याला मात्र ४५ लिटर, म्हणजे तीन बादल्या पुरतात. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि एसीतून गळणारे पाणी त्यात धरता येते. साबणाचे पाणी आणि खाऱ्या विहिरीचे पाणी टाळावे.

हाच हिशेब पावसाळ्यात उलटा करून पाहावा. हंगामाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला तरी नऊ चौरस मीटरवर २२,५०० लिटर पाणी पडते. पेव्हरवरून त्यातले बहुतेक गटारात जाते. गवत असलेल्या मातीत त्यातले बरेच मुरते, आणि विहिरींना तेच हवे असते. अंगण आधीच पेव्हरने भरलेले असेल तर एका कोपऱ्यातले दहा-बारा पेव्हर उचलूनही सुरुवात करता येते.

कापणी, खत, रोग

दूर्वांचे लॉन अडीच ते चार सेंमी आणि कार्पेट ग्रास चार-पाच सेंमी उंचीवर ठेवावे. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक कापू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कापणी लागते. छोट्या जागेला विळा किंवा कात्री पुरते. गवत गुडघाभर वाढू दिले तर घोणशीसारख्या सापांना आडोसा मिळतो, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्यावा. युरिया द्यायचाच तर चौरस मीटरला १० ग्रॅमहून अधिक नको, आणि लगेच पाणी द्यावे. पूजेच्या वाफ्याला मात्र शेणखताशिवाय काही घालू नये आणि कोणतीही फवारणी करू नये. गोल पिवळे चट्टे दिसले तर बहुधा पाणी जास्त झालेले असते. पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

भाजीचा जुना क्रेट, तळाला गोणपाट आणि वर १५ सेंमी माती, एवढ्यात दूर्वा होतात. चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशी बाल्कनी हवी. दर दोन वर्षांनी माती बदलून तेच तुकडे पुन्हा लावावेत.

सड्यावरचे गवत सड्यावरच राहू द्यावे

पावसाळ्यात उघड्या कातळावर उगवणारे बुटके गवत पाहून ते घरी आणावेसे वाटते. त्यांतली बरीच गवते एका हंगामाची असतात, पाऊस संपला की बी टाकून वाळतात. ग्लायफोक्लोआ नावाच्या गवताचा तर सारा गटच भारतीय द्वीपकल्पातला आहे, आणि त्यातल्या एका जातीला गोव्याचेच नाव दिलेले आहे. बागेत ती टिकत नाहीत आणि उपटल्याने सड्यावर पुढच्या वर्षीचे बी कमी होते. ती तिथेच पाहावीत, मुलांनाही दाखवावीत.

ज्यांच्याकडे दूर्वांचा वाफा चांगला भरला आहे, त्यांनी जूनमध्ये मूठभर मुळ्या शेजारच्या सभासदाला द्याव्यात. विकत घेण्याची ही वस्तू नव्हे. दोन-तीन पावसाळ्यांत आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात घरच्या दूर्वा असतील, आणि चवथीच्या आधीचे फोन मग आमंत्रणापुरतेच होतील.