बोटॉक्स, दंतवैद्यकातील

क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूच्या विषापासून तयार केलेले, जबड्याचे व चेहऱ्याचे स्नायू तात्पुरते शिथिल करणारे इंजेक्शन. बेल्जियममधील १८९५ च्या अन्नविषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जीवाणू शोधला. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणावर आणि २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांवर बोटॉक्सच्या वापरास मान्यता मिळाली. दातांच्या दवाखान्यात तो त्यानंतर रुळला.

या विषामुळे चेताटोकांतून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवणे थांबल्याने स्नायू आकुंचन पावत नाही (पहा : चेतातंत्र). परिणाम काही दिवसांत दिसतो व सुमारे तीन-चार महिने टिकतो. झोपेत दात खाणाऱ्यांच्या चर्वणस्नायूत टोचल्यास दातांवरील दाब घटतो (पहा : दंतघर्षण), मात्र या सवयीची प्रेरणा मेंदूतून येत असल्याने ती सुटेलच असे नाही. हसताना हिरड्या फार दिसत असल्यास वरचा ओठ उचलणाऱ्या स्नायूंत अल्प मात्रा देतात. लाळगळतीत ती लाळग्रंथीत देतात. महाराष्ट्रात गुटखा-सुपारीमुळे तोंड न उघडण्याचा विकार बराच आढळतो. त्यात दोष श्लेष्मल त्वचेखालील तंतुमय ऊतकाचा असल्याने केवळ स्नायू सैल करून तो जात नाही (पहा : मुखरोग).

गरोदर स्त्रिया व मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदुर्बलतेच्या विकाराचे रुग्ण यांना हे इंजेक्शन टाळतात.