गुप्त अभिप्रायाची नीती : वॉटरस्टन प्रकरणाच्या निमित्ताने

मराठीत ‘परीक्षण’ हा शब्द दोन भिन्न व्यवहारांसाठी वापरला जातो. प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाविषयी नियतकालिकात छापून येते ते परीक्षण. आणि अप्रकाशित लेख छापावा की न छापावा याविषयी तज्ज्ञाने संपादकाला खाजगीरीत्या कळविलेला अभिप्राय, तेही परीक्षणच. पहिल्या व्यवहारात ग्रंथकार आणि परीक्षक हे दोघेही वाचकांसमोर उभे असतात. ग्रंथ हाती असल्यामुळे परीक्षकाचे म्हणणे ताडून पाहता येते, आणि त्याच्या मतावर प्रतिवाद छापता येतो. दुसऱ्या व्यवहारात वाचक नसतोच. ज्या लेखावर मत द्यायचे तो लेख त्या मतामुळेच वाचकापर्यंत पोहोचत नाही, आणि मत चुकीचे होते हे सिद्ध करणारा पुरावाही त्याबरोबर झाकला जातो. ‘तज्ज्ञपरीक्षण’ म्हणून आज सर्व विद्यापीठीय जगाने स्वीकारलेल्या या व्यवहाराचा नैतिक प्रश्न या भेदापासून सुरू होतो. त्याचा विचार तत्त्वाच्या पातळीवर पुष्कळ झाला आहे. परंतु एका जुन्या प्रकरणाच्या आधारे तो अधिक नेमका मांडता येईल. हे प्रकरण लंडनमध्ये घडले असले तरी त्यातील शोधनिबंध मुंबईहून पाठविण्यात आला होता.

प्रथम या प्रथेच्या पूर्वेतिहासाकडे वळावयास हवे. १६६५ च्या मार्चमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा काय छापावे याचा निर्णय बव्हंशी ते स्वतःच घेत. नियतकालिक त्यांच्या जबाबदारीवर निघत होते. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने ते अधिकृतरीत्या आपल्याकडे घेतले आणि निबंधांची निवड करण्यासाठी एक समिती नेमली. ही समिती गुप्त मतदानाने निर्णय घेई, पण कारणे नोंदवीत नसे. शिवाय छापलेल्या मजकुरातील विधानांच्या सत्यतेची हमी सोसायटी देत नाही, अशी सूचनाही खंडांच्या आरंभी येऊ लागली. निवडीचा अधिकार संस्थेकडे आला, पण त्या अधिकाराचे उत्तरदायित्व कोणाकडेच आले नाही.

लेखी अभिप्रायाची पद्धत आली ती १८३२ च्या सुमारास, केंब्रिजचे विल्यम व्ह्यूएल यांच्या सूचनेवरून. व्ह्यूएल यांची मूळ कल्पना आजच्या प्रथेहून अगदी निराळी होती. निवडक निबंधांवर जाणकारांनी अहवाल लिहावेत, ते सोसायटीपुढे वाचावेत आणि छापावेत, म्हणजे नव्या संशोधनाकडे लोकांचे लक्ष वेधले जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. कित्येकदा हे अहवाल मूळ निबंधापेक्षाही अधिक वाचनीय ठरतील असे त्यांना वाटे. पहिल्या अहवालासाठी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा निबंध निवडला गेला. परीक्षक होते स्वतः व्ह्यूएल आणि जॉन विल्यम लबॉक. पहिल्याच प्रयोगात मतभेद झाले. निबंधाचे महत्त्व वाचकाला उलगडून दाखवावे, असे व्ह्यूएल यांचे म्हणणे होते. लबॉक यांचे लक्ष निबंधातील दोषांवर होते. अखेर लबॉक यांनी माघार घेतली आणि अहवाल छापला गेला. पण पुढील काही वर्षांतच अहवाल छापण्याची कल्पना मागे पडली. लेखी अभिप्राय राहिले, त्यांची प्रसिद्धी थांबली, आणि परीक्षकाचे नाव लेखकापासून झाकण्याची रीत पडली. म्हणजे रसग्रहणासाठी योजिलेली एक व्यवस्था दशकभराच्या आत पहाऱ्याची व्यवस्था झाली.

याच व्यवस्थेसमोर १८४५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईहून एक हस्तलिखित आले. लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन हे १८११ मध्ये एडिंबरो येथे जन्मलेले अभियंते. ब्रिटिश आरमाराचे जलालेखक कॅप्टन बोफर्ट यांच्या पाठिंब्याने ते १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांचे शिक्षक म्हणून मुंबईस आले होते. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ निघू लागले ते याच मुंबईत; नवे ज्ञान मराठीत छापण्याची धडपड आणि वायूंच्या स्वरूपाविषयी एका परक्या शिक्षकाचे चिंतन ही दोन्ही एकाच शहरात चालली होती. वॉटरस्टन रॉयल सोसायटीचे सदस्य नव्हते. त्यांच्या नावामागे विद्यापीठातील अध्यापकपद नव्हते, आणि ते लंडनपासून हजारो मैल दूर होते.

निबंधाचा विषय होता, मुक्तपणे गतिमान असलेल्या व पूर्ण स्थितिस्थापक अशा रेणूंनी बनलेल्या माध्यमांचा. वायूचा दाब म्हणजे असंख्य रेणूंच्या आघातांची गोळाबेरीज. तापमान हे रेणूंच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीशी प्रमाणबद्ध. आणि भिन्न वायूंच्या मिश्रणात जड रेणू संथ व हलके रेणू जलद अशा रीतीने चालतात की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी गतिज ऊर्जा सरासरीने सारखीच राहावी, असे प्रतिपादन त्यात होते. यांतील शेवटचे प्रमेय पुढे ऊर्जेच्या समविभाजनाचे तत्त्व म्हणून भौतिकशास्त्रात प्रतिष्ठा पावले. निबंधात चुकाही होत्या. विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तराचे गणित त्यात चुकले होते. परंतु वायूंच्या गत्यात्मक सिद्धान्ताचा गाभा त्यात मांडला गेला होता, आणि तोही क्रोनिग (१८५६), क्लॉसियस (१८५७) व मॅक्सवेल (१८५९-६०) यांच्या दहा वर्षे आधी.

५ मार्च १८४६ रोजी हा निबंध सोसायटीपुढे वाचला गेला. त्याचा अल्पसा सारांश कार्यवृत्तात आला, आणि पूर्ण निबंध दोन परीक्षकांकडे गेला. एक होते ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक बेडन पॉवेल, बालवीर चळवळीच्या संस्थापकांचे वडील. दुसरे तेच जॉन विल्यम लबॉक. लबॉक यांचा निष्कर्ष असा की निबंध निव्वळ अर्थहीन आहे, सोसायटीपुढे वाचण्याच्याही योग्यतेचा नाही. पॉवेल यांनी लेखकाचे कौशल्य मान्य केले, निरीक्षणांशी जुळणारी अनेक उदाहरणे निबंधात आहेत हेही नोंदविले. परंतु ज्या गृहीतकावर ही इमारत उभी आहे ते स्वीकारणे कठीण आहे, असे म्हणून ते गृहीतक कोणते हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. निबंध छापला गेला नाही.

यापुढचा भाग अधिक क्लेशकारक आहे. सोसायटीपुढे वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होतो, असा नियम होता. वॉटरस्टन यांनी प्रत ठेवलेली नव्हती आणि मूळ हस्तलिखित त्यांना परत मिळाले नाही. जे वाचण्याच्याही योग्यतेचे नाही असे ठरले, ते वाचले गेले होते म्हणूनच लेखकाच्या हातून गेले! १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे त्यांनी आपला सिद्धान्त थोडक्यात मांडला. पण त्याची दखल घेतली गेली नाही. १८५७ मध्ये ते मुंबई सोडून स्कॉटलंडला परतले. १८ जून १८८३ रोजी ते घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. दरम्यान त्यांचाच विषय इतरांच्या नावे युरोपभर प्रस्थापित झाला होता.

१८९१ मध्ये लॉर्ड रॅली यांना हे हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात सापडले. रॅली हे त्या वेळी सोसायटीचे सचिव होते. ध्वनिविषयक अभ्यास करीत असता वॉटरस्टन यांच्या १८५८ मधील एका लेखात या निबंधाचा उल्लेख त्यांना आढळला, आणि त्या धाग्याने ते मूळ निबंधापर्यंत पोहोचले. १८९२ मध्ये त्यांनी तो ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये आपल्या प्रस्तावनेसह छापला आणि परीक्षकांच्या अभिप्रायांतील उतारेही प्रस्तावनेत दिले. निबंध वेळीच न छापल्यामुळे या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे खोळंबली असावी, असे त्यांनी म्हटले. पुढे १९२८ मध्ये जे. एस. हॉल्डेन यांनी वॉटरस्टन यांचे शास्त्रीय लेख चरित्रासह एकत्रित प्रसिद्ध केले.

या प्रकरणाकडे ‘उपेक्षित प्रतिभावंत आणि मत्सरी परीक्षक’ अशा चौकटीतून पाहणे सोपे आहे, परंतु ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे या कल्पनेचा प्रभाव तेव्हा पुरता ओसरलेला नव्हता. १८२० मध्ये जॉन हेरापथ यांचाही याच धर्तीचा निबंध रॉयल सोसायटीत अडला होता. प्रस्थापित विचारव्यूहाच्या आत राहूनच परीक्षक वाचतो आणि त्याच्या बाहेरचे त्याला बहुधा निरर्थक भासते, हे थॉमस कून यांच्यानंतर विस्ताराने सांगण्याची गरज नाही. परीक्षकाचे मत चुकणे हा नैतिक अपराध मानला, तर कोणीही परीक्षण करू धजणार नाही.

नैतिक प्रश्न पॉवेल आणि लबॉक यांच्या अभिप्रायांतील फरकाचा आहे. दोघांनीही निबंध नाकारला आणि आजच्या दृष्टीने दोघेही चुकले. परंतु पॉवेल यांनी लेखकाचे म्हणणे आधी समजून घेतले, त्यातील बळ मान्य केले आणि आपला आक्षेप नेमका कोठे आहे ते दाखविले. अशा आक्षेपाला उत्तर देता येते. तो खोटा असेल तर खोटा ठरविता येतो. लबॉक यांच्या अभिप्रायात विशेषण आहे, कारण नाही. आणि विशेषणाचे खंडन करता येत नाही. भारतीय शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडल्याखेरीज खंडनाला अधिकार प्राप्त होत नसे. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न स्थापिता केवळ परमताचे निराकरण करणाऱ्या वितंडेला न्यायसूत्रांनी वादापासून वेगळे काढले. पॉवेल यांचा अभिप्राय वादाच्या कक्षेत येतो. लबॉक यांच्या अभिप्रायाला वितंडाही म्हणता येणार नाही, कारण तिच्यातही निराकरणापुरती युक्ती लागते. परीक्षकाचे पहिले कर्तव्य अचूक निर्णय देणे हे नसून खंडनक्षम निर्णय देणे हे आहे, असा निष्कर्ष येथे निघतो. नाव गुप्त असल्याने हे कर्तव्य सैल होत नाही. उलट नाव गुप्त असते तेव्हा वाचकापाशी आणि लेखकापाशी कारणांखेरीज दुसरे काहीच नसते.

दुसरा प्रश्न ‘समकक्ष’ या संकल्पनेचा आहे. रॅली यांनी वॉटरस्टन यांना न्याय दिला, पण त्याच प्रस्तावनेत नवोदितांना असा सल्लाही दिला की अपरिचित लेखकाने आधी मर्यादित स्वरूपाचे, सहज पारखता येईल असे काम करून मान्यता मिळवावी आणि मग मोठी झेप घ्यावी. व्यवहारात हा सल्ला शहाणपणाचा असेलही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की विचाराचे वजन लेखकाच्या नावावरून ठरावे. मग परीक्षण होते ते निबंधाचे की प्रतिष्ठेचे? मराठीत हा प्रश्न अधिक मुळातून विचारला गेला आहे. १८८५ मध्ये पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी न्यायमूर्ती रानडे यांना पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखांना स्थान नाही अशांच्या सभेत आपण का बसावे, असा त्या पत्राचा आशय होता. संदर्भ सर्वस्वी वेगळा असला तरी त्यामागील तत्त्व तज्ज्ञपरीक्षणालाही लागू पडते : कोण कोणाचा समकक्ष, हे ठरविण्याचा अधिकार एकाच वर्तुळाकडे राहिला, तर त्या वर्तुळाबाहेरचा अनुभव आणि विचार ‘अपात्र’ ठरणे अटळ होते.

तज्ज्ञपरीक्षणच नको, असा याचा अर्थ काढणे मात्र धोक्याचे होईल. परीक्षणाचा केवळ देखावा राहिला म्हणजे काय होते, याचा अनुभव भारतीय विद्यापीठांनी अलीकडेच घेतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शोधनिबंधांच्या संख्येला नेमणूक व बढतीच्या गुणांशी जोडले, आणि शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी ‘केअर’ ही नवी व्यवस्था जाहीर झाली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली आणि नियतकालिकांच्या पारखीची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर सोपविली. वॉटरस्टन यांच्या बाबतीत परीक्षकाने पुरेसे वाचले नाही. या नियतकालिकांत कोणीच काही वाचत नव्हते. दोन्हीकडे लेखकाला मिळायला हवा तो जाणता, कारणे देणारा वाचक मिळाला नाही.

आता यादीचा आधार गेल्यामुळे हा भार पुन्हा संपादकावर आणि परीक्षकावर आला आहे. मराठीतील वाङ्मयीन व सामाजिक शास्त्रांच्या नियतकालिकांपाशी साधने तुटपुंजी आहेत, जाणकारांचे वर्तुळ लहान आहे, आणि नाव झाकले तरी शैलीवरून लेखक वा परीक्षक ओळखू येतो. परंतु वॉटरस्टन प्रकरणातून निघणाऱ्या अपेक्षा पैशाच्या नाहीत. नकार देताना कारणे लेखी द्यावीत, आणि ती लेखकापर्यंत पोहोचवावीत. परीक्षकांत मतभेद असतील तर कठोर मताआड दडू न जाता संपादकाने स्वतः निर्णय करावा आणि तो आपला म्हणून सांगावा. लेख अनिश्चित काळ अडकवून ठेवू नये, म्हणजे लेखकाला दुसरे दार ठोठावता येईल. आणि अभिप्राय जपून ठेवावेत. रॉयल सोसायटीने वॉटरस्टन यांना त्यांचे हस्तलिखित दिले नाही हा अन्याय होता; पण तिने ते नष्ट केले नाही, आणि त्यावरचे अभिप्रायही नष्ट केले नाहीत. त्यामुळेच सेहेचाळीस वर्षांनी का होईना, निबंधाबरोबर त्याच्या परीक्षकांचेही परीक्षण होऊ शकले.