पथविक्रेत्यांचे हक्क: करोल बाग, दिल्ली

करोल बागेत, अजमल खान रोडच्या परिसरात, आपण हातगाडी किंवा पथारी लावत असाल, तर पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 आपल्याला लागू आहे.

आपले हक्क
• सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत, सध्या व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्यांना हटवता येत नाही.
• जागेवरून हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.
• माल जप्त झाल्यास सही केलेली यादी जागेवरच मागून घ्या. यादी नसेल, तर काय नेले हे सिद्ध करणे अवघड जाते.
• शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळतो.

निर्णयात आपला वाटा
विक्री क्षेत्रे ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचे म्हणणे विचारात घेतले जाते. समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असतात. म्हणून सर्वेक्षणात नाव नोंदवा, समितीच्या निवडणुकीत मतदान करा. प्रमाणपत्राने आपली जागा सुरक्षित होते. मतदानाने ती जागा कुठे असावी, हे ठरवण्यात आपला आवाज पोहोचतो.