कॅरिंग्टन वादळ
कॅरिंग्टन वादळ : (१–२ सप्टेंबर १८५९). उपकरणांनी नोंदलेल्या सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळांपैकी एक. सूर्यावरील उद्रेक आणि पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ यांचा संबंध याच घटनेत प्रथम लक्षात आला.

१ सप्टेंबरच्या सकाळी इंग्लंडमधील रेडहिल येथे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांची रेखाटने करीत होते. एका मोठ्या डागसमूहावर अचानक तेजस्वी पांढरा प्रकाश उमटला आणि सुमारे पाच मिनिटांत मावळला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ सुरू झाले.

कारणमीमांसा : अशा उद्रेकात सूर्याच्या प्रभामंडळातून चुंबकीय क्षेत्रासह अब्जावधी टन प्लाझ्मा बाहेर फेकला जातो. त्याला पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास एरवी एक ते चार दिवस लागतात. त्यातील क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असल्यास ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवतीचा वलयाकार विद्युत्प्रवाह (वलयप्रवाह) वाढून भूपृष्ठावरील क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक कमी होतो.

परिणाम : ध्रुवीय प्रकाश क्यूबा व हवाईपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या तारांत प्रवाह निर्माण होऊन संदेशवहन कोलमडले. बोस्टन–पोर्टलंड मार्गावर मात्र बॅटऱ्या काढून केवळ त्या प्रवाहावर संदेश पाठवले गेले.

कुलाब्याची नोंद : लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत प्रकाशचित्रणाने उमटणारा आलेख कागदाबाहेर गेला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी वाचने घेत होते, म्हणून वादळाच्या ऐन भराचे आकडे टिकले. क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट तेथे नोंदली गेली. ती सारी वलयप्रवाहामुळे झाली का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. तरीही वादळाच्या तीव्रतेचे अनुमान मुख्यतः याच नोंदींवर उभे आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागला सुरू झाली. ती आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत चालतात.

महत्त्व : १३ मार्च १९८९ रोजी याहून सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांची वीज कित्येक तास गेली. वीजजाळी, उपग्रह व दिशादर्शन यांवर विसंबलेल्या समाजाने कोणत्या तीव्रतेची तयारी ठेवावी, हे ठरवताना १८५९ चे वादळ मापदंड मानले जाते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमी. अंतरावरील भारताचे आदित्य–एल१ यान सूर्याचे व सौरवाऱ्याचे निरीक्षण करते.