पाण्यातले फूल : प्रतिबिंबाचे छायाचित्रण आणि संपादन

कमळाचे एक छायाचित्र घ्यावे, संगणकावर त्याची प्रत उलटी करून खाली जोडावी, वर थोड्या लाटा उमटवाव्यात, की तळ्यातले प्रतिबिंब तयार! छायाचित्रे सुधारण्याची सोय घरोघरी आली तेव्हापासून ही युक्ती रूढ आहे आणि आता ती मोबाइलवर काही सेकंदांत साधते. शुभेच्छापत्रावर असे चित्र शोभूनही दिसते. मात्र 'तळ्याकाठी टिपलेले' म्हणून ते स्पर्धेला पाठवले, तर जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटणे अवघड. कारण साधे आहे. पाण्यातील प्रतिबिंब ही फुलाची उलटी प्रत नसतेच.

पाणी कोणते फूल दाखवते?

कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच असेल, तितक्याच खोलीवर पाण्याखाली दुसरा कॅमेरा ठेवून वर पाहिले असते तर फूल जसे दिसले असते, तसे ते प्रतिबिंबात दिसते. त्यामुळे देठावर उंच उमललेल्या कमळाकडे वरून पाहताना त्याचे केसर आणि मधली पिवळी कर्णिका दिसते; प्रतिबिंबात मात्र पाकळ्यांची बाहेरची बाजू आणि देठाचा जोड. उलट्या प्रतीत नेमके हेच फसते. तिथे पाण्यातही केसर दिसू लागतात. कॅमेरा पाण्याच्या अगदी जवळ आणला तर दोन्ही दृश्ये एकमेकांसारखी होतात आणि बनावट ओळखणे कठीण जाते, हेही खरे.

दुसरी खूण उजेडाची. पाणी सगळा प्रकाश परतवत नाही. नजर पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर जेमतेम ३ टक्के प्रकाश परावर्तित होतो, २० अंशांवर सुमारे १३ टक्के, तर १० अंशांवर सुमारे ३५ टक्के. म्हणजे फुलाचा जो भाग वर आणि पाण्यात असा दोन्हीकडे दिसतो, तो पाण्यात नेहमी अधिक काळोखा असतो. शिवाय पाणी किंचित हलत असेल तर प्रतिबिंब उभे ताणले जाते आणि मूळ फुलापेक्षा लांब दिसते. संगणकावरच्या लाटा बहुधा त्याला आडवे फाटे फोडतात, पण त्याची लांबी तीच ठेवतात.

फुलागणिक पद्धत

पाण्यातली सगळी फुले प्रतिबिंब देत नाहीत. कमळ देठावर पाण्याच्या बरेच वर उमलते, म्हणून त्याचे प्रतिबिंब स्वच्छ मिळते. पाण्यालगत तरंगणाऱ्या फुलाखाली प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. तिथे भोवतालच्या पाण्यात उतरलेले आकाश आणि झाडे हाच चित्राचा विषय. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने जिव्हर्नी येथील आपल्या तळ्यातील कुमुदांची सुमारे २५० चित्रे रंगवली. त्यांत फुलांच्या प्रतिबिंबापेक्षा ढग आणि विलो वृक्षांचीच प्रतिबिंबे अधिक आहेत.

महाराष्ट्रात या छंदासाठी साताऱ्याजवळच्या कास पठाराइतकी चांगली जागा क्वचितच असेल. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. येथील तळ्यात झालरीसारख्या पाकळ्यांची पांढरी कुमुदिनी फुलते. जांभ्या खडकावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा हे दुर्मीळ फूल येते. पाण्यातून वर येणारा त्याचा दुहेरी तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो आणि प्रतिबिंबासह त्याची आकृती फारच मोहक होते. मात्र या डबक्यांच्या काठावरच सीतेच्या आसवांसारख्या नाजूक वनस्पती मातीच्या पातळ थरात वाढतात. चांगल्या कोनाच्या नादात आडवे झोपलेल्या एका छायाचित्रकाराखाली त्यांची किती रोपे चिरडतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

गंमत अशी, की त्या लोटांगणाची गरजच नसते. डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवर कॅमेरा धरून फुलापासून साडेआठ मीटरवर उभे राहिले, तर नजरेचा कोन आपोआप १० अंशांच्या आसपास येतो आणि प्रतिबिंब भरघोस मिळते. हाच मनुष्य दोन मीटरवर गेला तर कोन सुमारे ३७ अंशांचा होऊन परावर्तन ४ टक्क्यांवर घसरते. म्हणून ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स घेऊन पायवाटेवरच थांबावे. फुलाचेही भले आणि चित्राचेही.

३७ अंशांचा हा कोन आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. पोलरायझर फिल्टर नेमक्या याच कोनात पाण्यावरचे परावर्तन जवळपास पूर्ण पुसून टाकतो. पानांवरची चकाकी घालवण्यासाठी फिल्टर लावायचा आणि प्रतिबिंब कुठे गेले म्हणून शोधत बसायचे, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. फिल्टर काढून ठेवणे उत्तम. लावायचाच तर डोळ्यांनी पाहत अर्ध्यावर फिरवून थांबावे.

फोकस कुठे करावा, हाही घोटाळ्याचा प्रश्न. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. फुलापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत मिळून जितके अंतर, तितक्या दूर ते असते. त्यामुळे शेजारच्या तरंगत्या पानावर फोकस केला तर पान स्पष्ट आणि प्रतिबिंब धूसर येते. फुलावर फोकस करून एफ ११च्या आसपासचे छिद्र ठेवल्यास बहुतेक वेळा दोन्ही आटोक्यात येतात. वारा पडलेला असतानाची सकाळ हीच योग्य वेळ. कमळ सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटू लागते. रात्री उमलणारी कुमुदे तर त्याही आधी मिटतात. गडद पाण्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पांढऱ्या पाकळ्या तपशील हरवून बसतात. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे.

तळे नसेल तर घरची परातही चालते, पण स्टीलचा चकचकीत तळ दुसरेच प्रतिबिंब उभे करतो. तळाशी काळे कापड किंवा कडप्प्याचा तुकडा ठेवावा. तळाकडून येणारा उजेड थांबला, की वरचे मंद प्रतिबिंब ठळक दिसते. फुलबाजारातून आणलेले जास्वंद किंवा शेवंती यासाठी पुरेशी आहे. पाकळीवरच्या थेंबात दिसणारे इवलेसे उलटे फूल मात्र प्रतिबिंब नव्हे. तिथे थेंब भिंगाचे काम करतो.

संपादनाची मर्यादा

छायाचित्र रॉ स्वरूपात घेतले असेल तर संगणकावर बरेच काही वाचवता येते. प्रतिबिंबाच्या भागावर क्रमशः विरळ होणारा मास्क टाकून उजेड थोडा वाढवावा. अर्ध्या ते एका स्टॉपपलीकडे गेल्यास पाणी काचेसारखे दिसू लागते. गुलाबी आणि लाल फुलांचे रंग गडद करताना हिस्टोग्राममधील लाल वाहिनीवर लक्ष हवे, ती सर्वात आधी काठोकाठ भरते आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. पाण्याचा हिरवा-तपकिरी रंग काढून सगळे निळेशार करण्याचा मोह अनेकांना होतो. साताऱ्याच्या पठारावरील डबके स्वित्झर्लंडच्या सरोवरासारखे दिसावे, हा हट्ट कशासाठी?

लेन्सवरच्या धुळीचे डाग पुसणे सर्वमान्य आहे. तरंगणारी काडी पुसण्याबाबत मतभेद आहेत. नसलेले प्रतिबिंब जोडणे मात्र निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धांत अपात्रतेला निमंत्रण देणारे ठरते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत अंतिम टप्प्यात पोहोचलेल्यांकडून मूळ फाइल मागवून तपासली जाते. परातीत टिपलेल्या फुलाच्या ओळीत 'घरी, परातीतील पाण्यात' एवढे तीन शब्द लिहिले की पुरते. संपादित प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि मूळ रॉ फाइल कधीही पुसू नये.